फोर बाय फोर गाडी आणि गोव्याचा पाऊस : घरची देखभाल, फेरबदल आणि त्यांच्या मर्यादा

गोव्याच्या रस्त्यांवर थार, स्कॉर्पिओ, गुरखा, फॉर्च्युनर अशा उंच, जाडजूड टायरांच्या गाड्या आता जागोजागी दिसतात. तसे पाहता या प्रकारच्या वाहनाशी आपला परिचय जुनाच आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवून विकायला सुरुवात केली. तिच्या पुढच्या पिढ्यांनी सत्तरी, सांगे, केपे या भागांतील कच्च्या वाटा कित्येक वर्षे तुडवल्या. कुळ्याहून दूधसागरकडे ओहोळ ओलांडत जाणाऱ्या जीप पर्यटकांनाही ठाऊक आहेत. फरक पडला आहे तो मालकात. पूर्वी जीप बाळगणारा माणूस ती स्वतः उघडून दुरुस्त करू शकत असे, निदान उघडायला कचरत नसे. आजच्या गाडीत संगणकीय नियंत्रण आले, गाडीची किंमत कित्येक लाखांवर गेली आणि मालकाचा हात बॉनेटपासून दूर झाला. तरीही या गाड्यांची हौस अशी की, घरी आणल्यावर पहिल्याच महिन्यात पुढे बंपर, छतावर दिवे आणि खाली मोठे टायर यांची यादी तयार होते. गाडीच्या पोटाखाली काय चालले आहे, याची चौकशी मात्र दोन-तीन पावसाळे उलटल्यावर होते.

गोव्यासारख्या प्रदेशात हा क्रम उलटा हवा. वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्यालगतची खारी हवा आणि खाणपट्ट्यातली बारीक तांबडी धूळ या तिन्हींचा मारा गाडीच्या खालच्या भागावर होतो. वर लावलेल्या कोणत्याही साहित्याने त्यापासून बचाव होत नाही.

गंज आतून लागतो

साध्या मोटारीत पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा असतो. रानवाटांसाठी बनलेल्या बहुतेक गाड्यांत शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा वेगळा असतो आणि त्यावर शरीर बोल्टांनी बसवलेले असते. या शिडीच्या दोन लांब बाजू पोकळ पेटीसारख्या असतात. त्यांना खालच्या अंगाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. चिखलातून गाडी नेली की ही भोके बुजतात, आत साचलेला ओला चिखल महिनोन् महिने वाळत नाही आणि पोलाद आतून खाल्ले जाते. बाहेरून काळा रंग शाबूत दिसत असतो. वर्कशॉपमध्ये 'अंडरबॉडी कोटिंग' म्हणून डांबरी लेप मारून घेतला की काम झाले, असा समज आहे. तो लेप बाहेरच्या बाजूला चांगला, पण गंजलेल्या किंवा दमट पत्र्यावर मारला तर ओल आत कोंडून ठेवतो आणि त्याखाली गंज निवांत पसरतो.

घरी करता येण्याजोगे काम असे : चिखलातून किंवा किनारपट्टीवरून आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पाइपने खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. चाकांच्या कमानींचा आतला कोपरा, मागचा बंपर आणि सांगाडा यांमधली फट, इंधनाच्या टाकीवरचा भाग या ठिकाणी चिखल हमखास अडकतो. सांगाड्याची भोके तारेने मोकळी करावीत, आत पाण्याची धार सोडावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवावी. पावसाळा संपून गाडी नीट वाळली की त्याच भोकांतून मेणयुक्त गंजरोधक फवारा लांब नळीने आत मारावा. हे मेण पोकळीत पसरते आणि फटींत शिरते. दगड लागून रंग उडालेल्या जागा खरवडून, प्रायमर लावून रंगवाव्यात. दारांच्या आणि मागच्या फाटकाच्या खालच्या कडेलाही पाणी निघण्याची भोके असतात, तीही याच वेळी पाहावीत. थारच्या फरशीला पाणी सोडून देण्यासाठी बुचे आहेत. ज्या गाड्यांत जाड गालिचा आहे, तिथे तो एकदा उचलून खालची ओल पाहणे आवश्यक, कारण तारांचे जोड बऱ्याचदा त्याच बाजूने गेलेले असतात.

वापरलेले इंजिन ऑइल गाडीच्या खाली फासण्याची जुनी रीत गावोगाव आढळते. ती सोडून द्यावी. या तेलाने रबरी बुश फुगून मऊ पडतात, तापलेल्या सायलेन्सरवर ते जळते आणि पहिल्याच पावसात धुऊन अंगणातल्या मातीत, तिथून विहिरीत उतरते.

गाडीखाली जाण्यापूर्वी

या गाड्यांचे वजन पावणेदोन ते सव्वादोन टनांच्या घरात असते. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर चाक बदलण्यापुरता आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना. हायड्रॉलिक जॅकचे एक सील फाटले तरी गाडी क्षणात खाली येते. पुरेशा क्षमतेचे दोन जॅक स्टँड सांगाड्याच्या भक्कम भागाखाली द्यावेत, उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर लावावी आणि गाडी हाताने हलवून पाहूनच खाली शिरावे. आपल्याकडची अंगणे मातीची किंवा चिऱ्यांची, त्यातही बरीचशी उतारावर. ओल्या मातीत जॅक खचतो आणि चिरा भाराखाली फुटतो, तेव्हा हे काम सपाट काँक्रीटवरच करावे. तशी जागा नसेल तर ते गॅरेजमध्ये करून घेण्यात कमीपणा नाही.

पाणी शिरते ते कुठून

इंजिन ऑइल बदलायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मागचे व पुढचे डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांत स्वतंत्र तेल असते, याचा विसर पडतो. ओहोळ ओलांडणाऱ्या गाडीत नेमका इथेच घात होतो. लांबच्या प्रवासाने डिफरन्शियल तापलेले असते. गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि पोकळी भरण्यासाठी बाहेरून काहीतरी ओढून घेऊ पाहते. यासाठी वर एक श्वसननळी, म्हणजे ब्रीदर, दिलेली असते. ती चिखलाने बुजली असेल किंवा तिचे टोक पाण्याखाली गेले असेल तर ओढले जाते ते पाणी. तेलात मिसळलेले पाणी दुधाळ, कॉफीसारख्या रंगाचे दिसते. असे तेल बेअरिंगांना वाचवत नाही आणि दंतचक्रे झिजू लागतात.

म्हणूनच खोल पाण्यातून गाडी नेल्यावर आठवडाभरात डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट उघडून, बोट घालून तेलाचा रंग पाहावा. तेल बदलायचे झाल्यास एक नियम पाळावा : आधी वरचा, भरण्याचा बोल्ट उघडून पाहावा आणि तो सुटतो अशी खात्री झाल्यावरच खालचा, रिकामे करण्याचा बोल्ट काढावा. गंजलेला वरचा बोल्ट सुटलाच नाही, तर तेल काढून टाकलेली गाडी अंगणातच अडकून पडते. तेलाचा दर्जा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, तोच वापरावा. डिफरन्शियलला चालणारे जीएल-५ दर्जाचे तेल, जिथे जीएल-४ सांगितले आहे अशा गिअरबॉक्समध्ये घालू नये. त्यातील काही रसायने पितळी रिंगांना मानवत नाहीत. ब्रीदरच्या टोकाला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली किंवा मागच्या दिव्यामागे उंचावर नेणे, हा या गाडीतला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त बदल आहे. तो कोणाला दिसत नाही, म्हणून फारसा कोणी करत नसावा.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना गॅरेजवाले ज्याला 'क्रॉस' म्हणतात ते जोड असतात. ज्या गाडीत त्यांना ग्रीस निपल आहेत, तिथे ग्रीसगनने नवे ग्रीस भरावे आणि जुने मळके ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत थांबू नये. गाडी सुटताना खालून 'टक्' असा आवाज आला तर बहुधा हाच जोड सैल झालेला असतो.

फोर व्हील ड्राइव्हच्या वापराबद्दलही गैरसमज आहेत. थार, गुरखा, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांत ही यंत्रणा गरजेपुरती जोडायची आहे. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असताना हा फरक कुठेतरी निघायला हवा. चिखलात चाक जरा घसरते आणि तो निघून जातो, कोरड्या डांबरावर मात्र चाक घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट व दंतचक्रांवर येतो. चोर्ला घाटात कोरड्या रस्त्यावर 'पकड चांगली मिळते' म्हणून फोर बाय फोर लावून गाडी चालवणे म्हणजे महागडे भाग विनाकारण झिजवणे होय. याउलट, वर्षभर ती यंत्रणा कधी लावलीच नाही, तर तिचे सरकणारे भाग जाम होतात. महिन्यातून एकदा ओल्या मातीच्या किंवा खडीच्या वाटेवर ती लावून, हाय आणि लो दोन्हींत थोडे अंतर चालवावे.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. जड गाडी अनमोड घाट उतरत असताना तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळले तर पायाखालचे पेडल नुसते आत जाते. दमट हवेत दर दोन वर्षांनी हे तेल बदलावेच. त्याच्या नळ्यांतून हवा काढण्याचे काम सवय नसल्यास घरी करू नये. पावसाळ्यात गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न लावता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना पाचर द्यावी, अन्यथा मागच्या ड्रममधले ब्रेक शू गंजून चिकटतात.

एअर फिल्टर हा खाणपट्ट्यात राहणाऱ्यांच्या खास लक्षाचा विषय. डिचोली किंवा सावर्डे परिसरात रोज फिरणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट पाहून चालणार नाही. कागदी फिल्टर झटकून पाहावा आणि फारच मळला असेल तर बदलावा. बाहेरून जोराची हवा मारली की धूळ कागदात अधिक खोल रुतते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. पणजी ते पर्वरी अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही आणि काजळी साठते. आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे सलग वेगाने गाडी चालवली की ती जळून जाते. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण तो बेकायदा आहे.

फेरबदल : मोजमापाने पाहू

सर्वाधिक मागणी असते ती मोठ्या टायरांना. थारच्या १६ इंची रिमवर येणाऱ्या २४५/७५ आकाराच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलीमीटर. त्याऐवजी २८५/७५ बसवला तर तो सुमारे ८३४ मिलीमीटर होतो. व्यास ६० मिलीमीटरने वाढला, तरी डिफरन्शियलखालची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे ३० मिलीमीटर. दुसऱ्या बाजूला चाकाचा घेर जवळपास पावणेआठ टक्के वाढतो. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६४-६५ च्या वेगाने धावते. दहा हजार किलोमीटर झाले असे वाटून सर्व्हिसिंगला नेलेली गाडी पावणेअकरा हजारांच्या पुढे गेलेली असते. चढावर ओढ कमी पडते, ब्रेकांना जड चाक थांबवावे लागते आणि पूर्ण वळवल्यावर टायर कमानीला घासतो. मूळ आकारातलेच, पण मातीत पकड घेणाऱ्या नक्षीचे टायर बसवले तर आपल्याकडच्या वाटांसाठी ते पुरेसे ठरतात.

गाडी उंच करण्याच्या लिफ्ट किटबद्दल एक बाब विक्रेते सांगत नाहीत. मागे अखंड आस असलेल्या गाडीत स्प्रिंग उंच केल्याने शरीर वर जाते, पण डिफरन्शियल जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहते, कारण ते चाकांसोबत जोडलेले आहे. ते वर नेतो तो फक्त टायर. पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर पुढचे डिफरन्शियल सांगाड्यासोबत वर जाते खरे, मात्र चाकाकडे जाणारे शाफ्ट अधिक तिरके होतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि ग्रीस बाहेर पडून धूळ आत शिरते. गुरुत्वमध्य उंचावल्याने वळणावर गाडी कलण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच. छतावर लोखंडी कॅरिअर आणि त्यावर सामान चढवले की त्यात भर पडते.

स्नॉर्कल लावली की गाडी पाण्यात चालते, या समजुतीमुळे इंजिने निकामी होतात. स्नॉर्कल हवा उंचावरून आत घेते, एवढेच तिचे काम. वाटेतला एखादा जोड सैल असेल तर पाणी त्यातून शिरते. सिलिंडरमध्ये पाणी गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा एक प्रयत्नही लाखोंचा खर्च ओढवून घेऊ शकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. थारसाठी कंपनीने दिलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलीमीटर आहे, तीही संथ पाण्यासाठी. दोन फुटांचे वाहते पाणी अशा जड गाड्यांनाही वाहून नेऊ शकते. पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे.

विजेच्या बाबतीत गणित सोपे आहे. १२ व्होल्टवर १०० वॉटचे दोन दिवे सुमारे १७ अँपिअर ओढतात. मूळ स्विचची तार एवढ्यासाठी बनलेली नसते. जाड तार, रिले आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज या तिन्हींशिवाय दिवे जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. विंच पूर्ण ताणावर काही शे अँपिअर घेते, तिच्यासाठी बॅटरी आणि तारा यांचा वेगळाच विचार करावा लागतो.

चिखलात रुतण्याचा प्रसंग कोणावरही येतो. अशा वेळी टायरमधली हवा ३२ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि गाडी बऱ्याचदा स्वतःच बाहेर येते. त्यामुळे हवा मोजण्याचे साधन आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप ही हौशी माणसाने घ्यायची पहिली खरेदी. डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी, कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापून फुटतो. दुसऱ्या गाडीने ओढायचे झाल्यास पट्टा सांगाड्याच्या हुकालाच लावावा. ट्रेलरसाठी असलेल्या गोळ्याला लावलेला पट्टा ताणाखाली तो गोळा तोडतो आणि लोखंडाचा तो तुकडा गोळीसारखा सुटतो. जगभर यात माणसे दगावली आहेत. बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर उभे राहावे. वाळूतल्या रपेटीचे चित्र मनात असेल तर ते विसरावे, गोव्यात किनाऱ्यावर वाहन उतरवण्यास बंदी आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाची मूळ रचना यांच्याशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिले होते. पादचाऱ्याला होणारी इजा तो अधिक गंभीर करतो, शिवाय धडकेचा जोर शोषण्यासाठी रचलेल्या पुढच्या भागाचे काम बिघडवून एअरबॅग उघडण्याची वेळ चुकवू शकतो. स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय पुढे वापरता येत नाही. गाडीचा रंग किंवा इंधनाचा प्रकार बदलायचा असेल तर वाहतूक खात्याकडे आधी रीतसर अर्ज करून नोंदणी प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडू शकतो, ही धास्ती दंडापेक्षा मोठी मानायला हवी. दुकानदाराचे 'सगळेच लावतात' हे उत्तर त्या वेळी उपयोगी पडत नाही.

घरी काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्ये किंवा परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. ते घातक कचऱ्यात मोडते. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कुठले तेल घातले याची वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी, गाडी विकताना तिचा उपयोग होतो. आणि पावसाळ्याच्या आरंभी एका रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर काळा डाग दिसला तर इंजिन ऑइल, मधासारख्या रंगाचा व गंधकाचा उग्र वास असलेला दिसला तर डिफरन्शियलचे तेल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर बहुधा कूलंट. एसी वापरल्यानंतरचे नुसते स्वच्छ पाणी असेल, तर काळजीचे कारण नाही.